शेजाऱ्याचा गालिचा, जसा नेला तसा

आमच्या गावात त्या गालिच्याची हकीकत तीन प्रकारे सांगितली जाते आणि तिन्ही प्रकार चुकीचे आहेत. माझी पत्नी ती पाहुण्यांना चहाबरोबर देते. तिच्या हकीकतीत मी घाबरलेला असतो. माझा मुलगा ती पनवेलच्या आपल्या कचेरीत आवाज बदलून सांगतो. त्याच्या हकीकतीत मी धांदरट असतो. आणि ज्याचा तो गालिचा, तो माझा शेजारी ती दिघीच्या जेट्टीवर फेरीबोटीची वाट पाहणाऱ्या कोणालाही ऐकवतो. त्याच्या हकीकतीत मी शब्द मोडणारा असतो. मी घाबरलो नव्हतो. धांदरटपणा मी आयुष्यात केलेला नाही. आणि शब्दाचे काय झाले, ते वाचकाने शेवटी ठरवावे. चौतीस वर्षे शाळेत विज्ञान शिकवलेल्या माणसाची बाजू कोणीतरी ऐकून घ्यायला हवी, आणि ती मांडण्यास माझ्याइतका योग्य माणूस मला दुसरा दिसत नाही.

प्रथम शेजाऱ्याविषयी. त्याची आणि माझी ओळख दोघांनाही धड चड्डी सांभाळता येत नव्हती तेव्हापासूनची. मी मास्तर झालो, तो बोटीवर गेला. वीस वर्षे आखाती बंदरांतून फिरला आणि परत येताना गुंडाळी करून हा गालिचा घेऊन आला. तो मला ‘मास्तर’ म्हणतो, मी त्याला ‘खलाशी’ म्हणतो, बाकी गाव त्याला ‘भाई’ म्हणते. रोज संध्याकाळी मी त्याच्याकडे चहाला जातो आणि आम्ही भांडतो. हे भांडण गावाला ऐकू जाते, त्यामुळे गावाचा असा समज आहे की आमचे पटत नाही.

आमचे एकदाच खरोखर पटले नव्हते. मी त्याची शिडी आणली होती आणि परत केली तेव्हा तिची एक पायरी मोडकी निघाली. ती आधीपासूनच मोडकी होती, हे मी आजही शपथेवर सांगेन. तो दोन वर्षे माझ्याशी बोलला नाही. त्या दोन वर्षांत मला कळले की गावात भांडायला लायक असा हा एकच माणूस आहे. वर्तमानपत्र वाचून झाल्यावर माझे मत कोणापुढे मांडावे, हा प्रश्न रोज पाच वाजता उभा राहायचा. पत्नी माझ्याशी वाद घालत नाही. ती थेट निकाल देते. म्हणून दोन वर्षांनी त्याने स्वतःहून हाक मारली, तेव्हा मी मनाशी ठरवले की या घरातून पुन्हा काहीही उसने आणायचे नाही.

हा निश्चय मोडला तो माझ्या पंच्याहत्तरीमुळे. माझ्या जुन्या विद्यार्थ्यांनी शाल-श्रीफळ घेऊन रविवारी घरी यायचे ठरवले. आमच्या ओटीवर नवी गुळगुळीत फरशी, खुर्च्या मोजून सहा, आणि सतरंजीचा कोपरा उंदरांनी खाल्लेला.

“भाईंकडचा गालिचा आणा,” पत्नी म्हणाली.

“मी मागणार नाही.”

“मागू नका. नुसते जाऊन या.”

पत्नी सांगते की मी गालिचा मागितला. मी मागितला नाही. मी शेजाऱ्याच्या दारात उभा राहून एवढेच म्हणालो की गालिचा ही वस्तू फार जपावी लागत असेल.

“हवाय का?” त्याने विचारले.

“मी असे म्हणालो का?”

“ने. पण मास्तर, शुक्रवारी माझ्या मुलीच्या सासरची माणसं पहिल्यांदा घरी येताहेत. त्याच्या आत हा मला इथे हवा.”

“गुरुवारी आणून देईन. जसा नेला तसा.”

“शिडीसारखा?”

मी पनवेलहून आलेल्या मुलाला हाक मारली. परत येताना गालिच्याचे एक टोक माझ्या खांद्यावर होते आणि दुसरे माझ्या मुलाच्या, आणि मला ठाऊक होते की याला काही झाले तर पुन्हा दोन वर्षांचा अबोला पडेल. आमच्या वयाला दोन वर्षे ही चैन परवडणारी नाही.

गालिचा तपकिरी रंगाचा, मधोमध बदामी रंगाचे मोठे फूल. निदान त्या दिवशी आम्ही सगळे असेच समजत होतो.

रविवारी विद्यार्थी आले. पंधरा-सोळा जण असतील. त्यांत म्हसळ्याला विज्ञान शिकवणारी एक बाई होती, माझीच विद्यार्थिनी. आणि फेरीबोटीवर नोकरी करणारा एक आडव्या बांध्याचा गृहस्थ होता, जो शाळेत असताना काडीसारखा होता. पत्नीने सर्वांना कोकम सरबत दिले. पेले भरून झाल्यावर या बोटवाल्याने भाषण सुरू केले.

“सरांनी मला आठवीत असताना वर्गाभायेर हुबा केला व्हता,” तो म्हणाला, “कारण मी चुंबक खिशात टाकला व्हता.”

येथे नेमके काय घडले ते नोंदवून ठेवतो, कारण याच ठिकाणी सर्वांची हकीकत घसरते. तो आठवीत नव्हता. तो नववीत होता. आठवीला त्या वर्षी चुंबकत्व नव्हतेच. ही चूक माझ्या घरात, माझ्या सत्काराच्या दिवशी, माझ्याच विषयात होत होती. ती दुरुस्त करण्यासाठी मी हात वर केला. त्या हातात पेला होता, हे मी नाकारत नाही. पण पत्नी जे हातवारे करून दाखवते तसा तो पेला मी फेकला नाही. बोटवाला त्याच क्षणी माझ्या पाया पडायला वाकला, आणि त्याचे डोके इतके मोठे झाले आहे याची मला कल्पना नव्हती.

सरबत बरोबर बदामी फुलावर पडले.

मग जो गोंधळ उडाला त्यात माझा काहीही वाटा नाही. पत्नी “मीठ आणा, मीठ!” म्हणत आत धावली. कोणीतरी रुमाल घेऊन खसाखसा घासायला बसला. मुलगा मोबाइलमध्ये बघू लागला.

“बाबा, यात लिहिलंय की गरम पाणी...”

“लोकरीवर गरम पाणी? कोण म्हणतो?”

“मोबाइल म्हणतोय.”

“त्याला म्हणावे, माझ्या वर्गात येऊन बस.”

आणि मी सूत्रे हाती घेतली. डाग पडला की घासू नये, हा पहिला नियम. घासल्याने डाग जात नाही, तो आत जातो आणि शिवाय पसरतो. मी पत्नीच्या जुन्या सुती लुगड्याच्या घड्या करून मागवल्या आणि तिघा विद्यार्थ्यांना गुडघ्यांवर बसवले. घडी ठेवायची, तळव्याने दाबायची, उचलायची, कोरडी बाजू पुन्हा ठेवायची. आणि हे कडेकडून मध्याकडे, म्हणजे डागाला पळायला वाट राहत नाही. मग गार पाण्याचा हबका, पुन्हा टिपणे. पंधरा मिनिटांत फुलावर फक्त फिकट गुलाबी झाक उरली. येथे थोडेसे व्हिनेगर पाण्यात घालून दोनदा टिपले असते तर प्रकरण संपले असते. हे मला तेव्हाही माहीत होते.

पण म्हसळ्याची बाई हसून म्हणाली, “सर, आठवतं? कोकमाच्या पाण्यात सोडा टाकला की रंग बदलायचा. तुम्ही दाखवायचात.”

“आणि लिंबू पिळलं का पुन्ना लाल!” बोटवाला म्हणाला.

पंधरा-सोळा जण माझ्याकडे पाहत होते. ज्याने कधी वर्ग घेतला नाही, त्याला ती शांतता समजावून सांगता येणार नाही.

मी सोडा मागवला.

“अहो, नको,” पत्नी म्हणाली.

मुलगा म्हणतो की बाबांनी धांदलीत हाताला लागेल ते टाकले. हे धादांत खोटे आहे. मी पूर्ण शुद्धीवर, परिणामाची पूर्ण कल्पना असताना, चिमूटभर खाण्याचा सोडा पाण्यात कालवून त्या गुलाबी डागावर टाकला. डाग क्षणभर जांभळा झाला, मग निळसर, आणि मग विहिरीच्या काठावरच्या शेवाळासारखा हिरवट झाला. टाळ्या पडल्या. निवृत्तीनंतर मला टाळ्या मिळाल्याचा हा पहिलाच प्रसंग.

“सर,” बोटवाला जरा वेळाने हळूच म्हणाला, “भाईंना आता ह्यो हिरवाच द्येयाचा व्हय?”

पत्नी खाली बसली.

मी लिंबू कापायला सांगितले. रस पडताच डाग फसफसला, फेस वर आला, आणि फेसाखालून तो पुन्हा पूर्वीसारखा गुलाबी झाला. पुन्हा टाळ्या. मग मात्र मी खेळ थांबवला आणि गार पाणी व घड्या यांच्या साहाय्याने तासाभरात डाग समूळ काढला. सूर्यप्रकाशात नेऊन पाहिले तरी दिसेना. विद्यार्थी माझ्या पाया पडून, या वेळी पेले दूर ठेवून, गेले.

संध्याकाळी फूल वाळले आणि खरे संकट समोर आले. जेथे मी काम केले होते तेथे फूल दुधासारखे पांढरे झाले होते. उरलेले फूल बदामीच होते. म्हणजे बदामी हा त्या फुलाचा रंगच नव्हता. ती तीस वर्षांची धूळ होती. मी डाग काढला नव्हता, स्वच्छतेचा डाग पाडला होता.

पत्नीने कमरेवर हात ठेवून फुलाकडे पाहिले. “आधीचा डाग हाताएवढा होता,” ती म्हणाली. “हा परातीएवढा आहे.”

“विज्ञानाच्या दृष्टीने हा डाग नाही.”

“भाईंना विज्ञान सांगा. गुरुवारी.”

यावर उपाय एकच होता. सोमवारी सकाळी मी संपूर्ण गालिचा धुवायला काढला. सोड्याने लोकर खराब होते, साबणाने चिकटते. मी रिठे रात्रभर भिजत घातले होते. मुलाने कचेरीत आठवडाभराची रजा टाकली आणि बोटवाला अपराधी चेहऱ्याने मदतीला आला. विहिरीजवळच्या खडकावर गालिचा पसरून आम्ही रिठ्याच्या फेसाने तो नुसता थोपटत होतो, घासत नव्हतो. खाली जे पाणी वाहत होते ते कोऱ्या चहासारखे होते. दुपारपर्यंत तपकिरी रंग पार वाहून गेला आणि खालून डाळिंबाच्या दाण्यासारखा लाल गालिचा वर आला.

“बाबा,” मुलगा म्हणाला, “हा वेगळाच गालिचा आहे.”

लोकर कडक उन्हात वाळवली तर रंग उडतो. म्हणून आम्ही तो सुपारीच्या वाडीत, सावलीत, बांबूंच्या ताटीवर घातला. खाडीवरचा वारा दमट. मंगळवारी गालिचा होता तितकाच ओला. आणि मंगळवारीच शेजारी माझ्याकडचे वर्तमानपत्र न्यायला फाटकाशी आला. फाटकातून वाडी सरळ दिसते. तो दोन पावले आत आला असता तर त्याला त्याचा गालिचा दिसला असता, किंवा आपला नसलेला एक लाल गालिचा दिसला असता, दोन्ही वाईट.

मी फाटकाकडे गेलो आणि शिडीचा विषय काढला.

“ती पायरी आधीच मोडकी होती,” मी म्हणालो.

तो थबकला. “काय?”

“वीस वर्षे मी ऐकून घेतले. आज स्पष्ट सांगतो. मोडकी होती.”

“मास्तर, तुझं डोकं ठिकाणावर आहे ना? सकाळी सकाळी शिडी?”

“सत्याला वेळकाळ नसतो.”

तो वर्तमानपत्र न घेताच गेला. पत्नी म्हणते की त्या दिवशी मी विनाकारण भांडलो. कारण होते, ते ताटीवर वाळत होते. मात्र त्या संध्याकाळी आणि बुधवारच्या संध्याकाळीही मला चहाला जाता आले नाही, आणि पाच वाजता मी वर्तमानपत्र उघडून बसलो तेव्हा अग्रलेखातील चुका नुसत्याच साठत राहिल्या. गालिचा वाळावा म्हणून मी त्याच्याशी भांडलो होतो. आता गालिचा वाळला तरी तो भांडण मिटवील का, हे सांगता येत नव्हते. बुधवारभर मी गालिच्यावर टेबलफॅन धरून बसलो होतो, हे मुलाचे म्हणणे मात्र बरोबर आहे.

गुरुवारी दुपारी गालिचा खडखडीत वाळला. आम्ही तो गुंडाळून शेजाऱ्याच्या घरी नेला. तो दारात उभा होता. बाजूला होऊन त्याने वाट दिली. मुलाने गालिचा खोलीत उलगडला आणि काम असल्याचे सांगून तो निघून गेला. हे त्याच्या हकीकतीत कधीच येत नाही.

शेजाऱ्याने गालिच्याभोवती एक फेरी मारली.

“हा कुणाचा?”

“तुझा.”

“माझा तपकिरी.”

“तुझा तपकिरी कधीच नव्हता. तू तीस वर्षे धुळीवर बसत होतास.”

त्याची बायको आतून पदराला हात पुसत आली. तिने खाली वाकून एका कोपऱ्यात बोट फिरवले. तेथे लोबानाच्या निखाऱ्याने पडलेला बारीक जळका ठिपका होता.

“आपलाच आहे,” ती म्हणाली, आणि तोंडाला पदर लावून हसू लागली. “तुम्ही आणलात तेव्हा असाच तर होता. लाल म्हणून तर मी तुमच्याशी भांडले होते, मला हिरवा हवा होता.”

“मास्तरांनी तोपण करून बघितला म्हणे,” शेजारी कोरडेपणाने म्हणाला. म्हणजे बोटवाल्याने जेट्टीवर सगळे सांगून टाकले होते. मी वाडी लपवत बसलो होतो आणि गालिच्याची बातमी सोमवारीच खाडी ओलांडून आगरदांड्याला पोहोचली होती.

“तुला माहीत होते? मग मंगळवारी फाटकातून परत का गेलास?”

“तू शिडीपर्यंत गेलास, तेव्हा म्हटलं मास्तर फारच अडचणीत आहे. राहू दे.” मग त्याचा आवाज बदलला. “पण शब्द काय होता?”

“जसा नेला तसा.”

“हा तसा आहे?”

चौतीस वर्षांत विद्यार्थ्यांनी मला अनेक प्रश्न विचारले, पण ज्याचे उत्तर फक्त ‘नाही’ असे होते, असा प्रश्न कोणी विचारल्याचे मला आठवत नाही.

तो खिडकीजवळ गेला आणि त्याने पायाच्या अंगठ्याने गालिच्यावर एक जागा दाखवली. “इथे गोल होता. चहाचा. तुझ्या कपाचा. तो कुठे आहे?”

“तो माझ्या कपाचा नव्हता,” मी म्हणालो. येथे मला आधार सापडला होता. “मी इथे, या लोडाला टेकून बसतो. तू दाखवतोस ती जागा माझ्या डावीकडे येते. मी डावखुरा नाही.”

“बस.”

“कशाला?”

“बस म्हणतो ना.”

मी बसलो. त्याने बायकोकडून रिकामी कपबशी घेऊन माझ्या हातात दिली. “आता चहा पी.”

“यात चहा नाही.”

“तरी पी.”

मी जसा चहा पितो तसा प्यायलो. म्हणजे बशीत ओतला, बशी उजव्या हाताने तोंडाशी नेली आणि कप... कप डाव्या हाताने खाली ठेवला. तो बरोबर त्याच्या अंगठ्यापाशी टेकला. बशी हातात असल्यामुळे कपाखाली बशी नसते. तीस वर्षे, शिडीची दोन वगळता, रोज संध्याकाळी, ओल्या बुडाचा कप. सिद्धता निर्दोष होती. मी ती स्वतःच्या हाताने करून दाखवली होती, आणि तो गोल सोमवारी विहिरीजवळ मीच थोपटून थोपटून काढला होता.

“उद्या मेहमान येतील,” तो म्हणाला. “विचारतील, गालिचा नवा घेतलात का? मी काय सांगू? खोटं बोलू, का तुझी तारीफ करू? दोन्ही माझ्याच्याने होणार नाही.”

“तुमच्याने होत नसेल तर मी सांगेन,” त्याची बायको म्हणाली. “मास्तरांनी धुतला, आणि आमच्या घरात तीस वर्षं कुणाला ते सुचलं नाही.”

“उद्याचा दिवस जाऊ दे, मास्तर,” तो म्हणाला. “मग तुझा शब्द पुरा कर.”

शुक्रवारी पाहुणे आले आणि खूश होऊन गेले. गालिच्याचे कौतुक झाले आणि ते माझ्या नावे झाले, असे मला त्याच्या बायकोने सांगितले. तो हे आजही नाकारतो. शनिवारी पाच वाजता मी वर्तमानपत्र काखेत मारून गेलो. लोड जागेवर होता. चहा आला. मी चहा बशीत ओतला आणि कप डाव्या हाताने त्या लाल गालिच्यावर ठेवला. मग मी अग्रलेख मोठ्याने वाचला, अथपासून इतिपर्यंत, एकही वाक्य न गाळता.

चहाचा डाग काढणे अगदी सोपे आहे. ओला असताना घडी ठेवून दाबायचा, गार पाणी, थोडे व्हिनेगर, पुन्हा घडी. पाच मिनिटेही लागत नाहीत. हे मला त्या वेळीही माहीत होते आणि माझ्या खिशात स्वच्छ रुमाल होता.

कप उचलला तेव्हा खाली पुसटसा गोल उमटला होता. शेजाऱ्याने चष्मा लावून तो पाहिला.

“थोडा पलीकडे होता,” तो म्हणाला.

“इथेच होता.”

“पलीकडे, मास्तर. एक बोटभर.”

“तुझी दृष्टी गेली आहे, खलाशा.”

त्या भांडणाचा आवाज नेहमीप्रमाणे रस्त्यापर्यंत गेला. आणि त्यावरून आता गावात चौथी हकीकत सुरू झाली आहे की मास्तरांच्या हातून भाईंच्या गालिच्यावर पुन्हा चहा सांडला. तिचाही मी येथेच निषेध नोंदवतो. सांडला नाही. ठेवला.